सॅचेल पेज : भटक्या पिचर

बेसबॉलमध्ये सतत संघ बदलणारा पिचर सहसा दुय्यम दर्जाचा मानला जातो. सॅचेल पेज मात्र अव्वल असूनही भटकला. अमेरिकेच्या मेजर लीगची दारे कृष्णवर्णीयांना १९४७ पर्यंत बंद होती. मग जो अधिक पैसे देईल, त्याचा संघ आपला! चट्टानूगा, बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग. १९३७ मध्ये तर थेट डॉमिनिकन प्रजासत्ताकात, हुकूमशहा त्रुहियोचे नाव मिरवणाऱ्या राजधानीचा संघ. करारभंगाचा ठपका बसला, आणि तो खोटाही नव्हता. पिट्सबर्गचा संघमालक, जो स्वतः कृष्णवर्णीय होता, त्यात पोळला.

अखेर १९४८ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, क्लीव्हलंडने त्याला मेजर लीगमध्ये घेतले. त्या मोसमात त्याच्या नावावर ६ विजय, १ पराभव. संघ वर्ल्ड सीरिजचा विजेता. १९६५ मध्ये, ५९व्या वर्षी, त्याने कॅन्सस सिटीसाठी ३ इनिंग्ज टाकल्या. बोस्टनला मिळाली एकच हिट.