अज्ञातवास नव्हे, नोकरी

टेरी कॅलियर या शिकागोच्या गायकाची कथा नेहमी एकाच साच्यात सांगतात. सत्तरच्या दशकात त्याने सोल, जॅझ आणि लोकसंगीत यांच्या सीमेवरची काही अप्रतिम गाणी रचली आणि गायली. 1983 साली गिटार खुंटीला टांगून शिकागो विद्यापीठात संगणकाच्या प्रोग्रॅमरची नोकरी धरली. आणि काही वर्षांनी इंग्लंडच्या रसिकांनी त्याला हुडकून काढलं. म्हणजे विराटाघरचा अज्ञातवास आणि मग शमीच्या झाडावरून उतरवलेली शस्त्रं. ऐकायला हे छान वाटतं, पण पांडवांना आपला अज्ञातवास कधी संपणार हे ठाऊक होतं. कॅलियरच्या नोकरीला तसली मुदत नव्हती. शिवाय एखाद्याला ‘विस्मृतीत गेलेला’ म्हटलं की दोष काळाच्या माथी मारता येतो आणि काळाला कोणी जाब विचारत नाही. माझ्या मते कॅलियर हरवलाच नव्हता. तो ज्या धंद्यावर उभा होता, त्या शिकागोच्या रेकॉर्ड-व्यवसायाची एकेक फळी त्याच्या पायाखालून निखळत गेली.

हा धंदा साउथ मिशिगन अव्हेन्यूवर पसरलेला होता. रेकॉर्ड कंपन्या, वितरक, स्टुडिओ असे सगळे एकमेकांच्या शेजारी; लोक त्या पट्ट्याला ‘रेकॉर्ड रो’ म्हणत. 1945 साली जन्मलेला कॅलियर शहराच्या उत्तर भागातल्या कॅब्रिनी वसाहतीत वाढला. कर्टिस मेफिल्ड आणि जेरी बटलर हे त्याचे लहानपणचे सोबती, म्हणजे पुढे गाजलेलं शिकागो सोल एका अर्थी गल्लीतलंच. शाळकरी वयात, 1962 साली, त्याने चेस कंपनीसाठी पहिली रेकॉर्ड केली. पुढे जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं वादन ऐकून तो इतका हादरला की 1964 मधल्या त्याच्या पहिल्या संग्रहात गिटारच्या साथीला एक नव्हे, दोन डबल बेस आहेत. लोकगीतं गाणाऱ्या तरुणाने असं काही करावं हे तेव्हा विचित्रच होतं. निर्मात्याने त्या टेपा सोबत मेक्सिकोला नेल्या आणि संग्रह काही वर्षं बाहेरच आला नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी बटलरने गीतकारांसाठी कार्यशाळा काढली; कॅलियर तिथे गाणी लिहू लागला. लॅरी वेडबरोबर त्याने रचलेलं एक गाणं ‘द डेल्स’ या गटाने 1971 साली गाजवलं, आणि त्या जोरावर चेसच्याच ‘कॅडेट’ या शाखेने त्याला करारबद्ध केलं. 1972 ते 1974 या काळातले त्याचे तीन संग्रह चार्ल्स स्टेपनीने घडवले. तंतुवाद्यांचा मोठा ताफा स्टेपनी असा वापरायचा की गाणं सजत नाही, खोल जातं. त्यांतल्या ‘व्हॉट कलर इज लव्ह’मधलं पहिलंच गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे, ते कुजबुजीतून सुरू होतं आणि वादळात शिरतं.

पण ज्या घराने हे करू दिलं, त्याचे वासे तेव्हाच फिरले होते. चेस कंपनी 1969 सालीच टेप बनवणाऱ्या जीआरटीला विकली गेली होती आणि त्याच वर्षी तिचा एक संस्थापक लेनर्ड चेस वारला. रेकॉर्ड रोवरच्याच ‘व्ही-जे’ कंपनीचं दिवाळं त्याआधीच, 1966 मध्ये, निघालेलं. 1975 साली चेसचा उरलासुरला माल पुन्हा विकला गेला. 1976 मध्ये बटलरची कार्यशाळा बंद पडली आणि त्याच वर्षी स्टेपनी पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. त्यानंतर कॅलियरने ‘इलेक्ट्रा’ कंपनीसाठी दोन संग्रह केले, त्यातलं एक गाणं सोलच्या यादीत कुठेतरी तळाला लागलं, आणि तोही करार संपला.

यावर कोणी म्हणेल, धंदा तर सगळ्यांचाच बसला, मग मेफिल्ड कसा तरला? आणि नऊ मिनिटांची गाणी रेडिओवर कोण वाजवणार? दुसऱ्या मुद्द्यात दिसतो तितका दम नाही. सोल गायक आयझॅक हेजच्या 1969 च्या ‘हॉट बटर्ड सोल’मध्ये चारच गाणी आहेत, एक तर अठरा मिनिटांहून लांब, आणि तो संग्रह धो धो खपला. तेव्हा नुसत्या लांबीला दोष देता येत नाही. पहिल्या मुद्द्याचं उत्तर मेफिल्डच्याच व्यवहारात आहे: त्याने 1968 मध्ये ‘कर्टॉम’ ही स्वतःची कंपनी काढली होती. एकाच वस्तीतून निघालेल्या दोघांपैकी एक मालक झाला, दुसरा करारावरचा गायक राहिला. त्यातून कॅलियरच्या रेकॉर्डी दुकानात नेमक्या कुठल्या खणात ठेवायच्या, फोकच्या, जॅझच्या की सोलच्या, हा प्रश्न सुटलाच नाही. मालकाला असल्या प्रश्नावर तग धरता येतो, करारावरच्या माणसाला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. 1983 साली मुलीचा ताबा कॅलियरकडे आला आणि तिला वाढवायला त्याने गाणं सोडलं. निर्णय त्याचा, मग धंद्यावर खापर कशाला? इथे थोडी माघार घ्यायला हवी. चेसची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हाही आईने शाळेचा हट्ट धरून त्याला दौऱ्यावर जाऊ दिलं नव्हतं. या माणसाच्या आयुष्यात घराचा शब्द मोठा होता, आणि त्याला निव्वळ धंद्याचा बळी ठरवणं म्हणजे त्याचा शहाणपणा हिरावून घेणं. तरी प्रश्न उरतो. 1972 पासूनच्या अकरा वर्षांत पाच संग्रह झालेल्या गायकाला एक मूल सांभाळण्यापुरती नियमित मिळकत संगीतातून होऊ नये? त्याने महिन्याचा पगार निवडला, कारण गाण्यातून तो मिळत नव्हता. दिवसा प्रोग्रॅमिंग आणि संध्याकाळी समाजशास्त्राचे वर्ग, असा त्याचा दिनक्रम झाला.

इंग्लंडमध्ये जुन्या रेकॉर्डींच्या शोधात फिरणाऱ्या डीजेंनी त्याची गाणी नाचाच्या क्लबांत वाजवली, ती तिथे कुठला खण हे कोणी विचारत नव्हतं म्हणून. ‘अ‍ॅसिड जॅझ’ या रेकॉर्ड कंपनीच्या एडी पिलरने ज्या गाण्याची रेकॉर्ड नव्याने काढली ते नेमकं 1983 चं, गिटार खाली ठेवली त्याच वर्षीचं. मग कॅलियर नोकरीतून रजा काढून लंडनला जायचा, गायचा आणि परत येऊन कामावर हजर व्हायचा. कचेरीत कोणाला पत्ता नव्हता. 1998 साली ‘टाइमपीस’ हा संग्रह निघाला, त्याला संयुक्त राष्ट्रांचा शांततेसाठीचा पुरस्कार मिळाला आणि बातमी कचेरीपर्यंत पोचली. नोकरी गेली. 53 वर्षांचा कॅलियर पुन्हा पूर्णवेळ गायक झाला आणि 2012 साली, शिकागोतच, मरेपर्यंत तोच राहिला.