कीचकाचा दुसरा वध

युद्ध, मृत्यू आणि राज्यनाश या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकादिकांच्या द्वारे त्यांची केवळ सूचना द्यावी, असा जो संकेत नाट्यशास्त्राने घालून दिला, त्यामागे प्रेक्षकांच्या मनाची फार सखोल जाण होती. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद वगळता संस्कृत नाटककारांनी तो शिरस्ता बव्हंशी पाळला. महाराष्ट्रात तो मोडला गेल्यावर प्रेक्षकांच्या अंतःकरणात काय खळबळ झाली याचा शोध घेऊ गेले असता विराटाचा मेहुणा कीचक या एकाच पात्राच्या मृत्यूपाशी दोनदा थांबावे लागते, आणि त्यातील दुसरे, माझ्या मते अधिक मोलाचे, प्रकरण करवीरनगरीत, म्हणजे कोल्हापुरात, घडले.

पहिले प्रकरण १९०७ सालचे. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले तेव्हा कर्झनची कारकीर्द लोकांच्या स्मरणात ताजी होती. त्यामुळे कीचकात तो उन्मत्त व्हाइसरॉय, सैरंध्री म्हणून वावरणाऱ्या द्रौपदीत पारतंत्र्यातील मातृभूमी, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पक्ष पाहण्यास प्रेक्षकांना कोणाच्या भाष्याची गरज पडली नाही. लंडनच्या ‘टाइम्स’ने या नाटकावर लिहिताना प्रेक्षागृहातील संतप्त, ताणलेल्या चेहऱ्यांचे सविस्तर वर्णन केले, आणि मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१० च्या आरंभी प्रयोगांना मनाई केली. कीचकाच्या कृत्यांनी संतापणारे आणि त्याच्या मरणाने संतोष पावणारे ते चेहरे सरकारला नाटकाच्या संहितेइतकेच भयप्रद वाटले असले पाहिजेत.

दुसऱ्या प्रकरणाची सिद्धता कोल्हापुरात निराळ्याच मार्गाने होत होती. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने चित्रकला, गायन, नाट्य आणि मल्लविद्या या चारही विद्या ज्या नगरीत एकत्र नांदत होत्या, तेथे आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे नात्यातील भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता चलच्चित्राच्या ध्यासाने भारले गेले. आनंदराव १९१६ साली निवर्तले. परंतु बाबूरावांनी, पुढे ‘पेंटर’ या नावाने सर्वत्र विख्यात झालेल्या त्या कलावंताने, दामल्यांसारख्या सहकाऱ्यांच्या साह्याने स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला, आणि गायिका तानीबाई कागलकर यांनी पुरविलेल्या भांडवलावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात प्रदर्शित झाला. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करावयाच्या त्या काळात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य दाखविले. कीचक झुंजारराव पवारांनी आणि भीम बाळासाहेब यादवांनी साकारला.

या चित्रपटात भीम कीचकाचे मस्तक धडावेगळे करतो ते दृश्य बाबूरावांनी शिल्पकाराला असलेल्या शरीररचनेच्या ज्ञानाने इतके यथार्थ उभे केले होते, की प्रेक्षागृहात भयाची लहर उसळली आणि कित्येक स्त्रिया मूर्च्छित झाल्या, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. लोकमान्य टिळकांनी त्या कर्तबगारीवर प्रसन्न होऊन बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी आणि सुवर्णपदक दिले. तथापि त्याच सुमारास १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचा अंमल सुरू होऊन मुंबईत परीक्षक मंडळ स्थापन झाले होते, आणि चित्रपट करवीर संस्थानात निर्माण झाला असला तरी त्याचा मोठा प्रेक्षकवर्ग ब्रिटिश मुलखात होता. अखेरीस ते दृश्य चित्रपटातून काढून टाकावे लागले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या प्रेक्षकांनी कीर्तनात, पुराणात आणि खाडिलकरांच्या नाटकातही कीचकाचे मरण मनोमन मागितले होते, त्यांनाच ते मागितलेले मरण डोळ्यांसमोर घडताना पाहवले नाही. ऐकलेल्या कथेत कीचक म्हणजे केवळ पाप होते, आणि पापाचा नाश मनाला सुखावतो. पडद्यावर मात्र त्या पापाला देह मिळाला, श्वास मिळाला, आणि दुष्टाचा देहसुद्धा आपल्या देहासारखाच तुटतो हे सत्य प्रेक्षकाला प्रथमच टाळता येईनासे झाले. मृत्यू मागणे आणि मृत्यू पाहणे यांतील हे अंतर नाट्यशास्त्रकार भरतमुनींना ठाऊक होते. कोल्हापूरच्या एका कारागिराने ते आपल्या लोकांना अनुभवास आणून दिले, हीच त्याची खरी थोरवी होय.

आज दूरचित्रवाणीवरील एखाद्या गुन्हेगारी मालिकेत आवडते पात्र मारले गेले की घरोघरी हळहळ होते, खलनायक मेला की समाधानाचे उद्गार निघतात, आणि सुशिक्षित मंडळी या भावनांना भाबडेपणा म्हणून बाजूला सारतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, ‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाही, बाबूरावांच्या त्या दृश्याचे सामर्थ्य आपल्याला कळते ते केवळ प्रेक्षकांच्या भयाच्या हकिकतींवरून आणि त्या भयापोटी झालेल्या कारवाईवरून. कलाकृती नष्ट झाल्यावर तिच्या बाजूने साक्ष देण्यास प्रेक्षकांचे अश्रू आणि उद्गारच उरतात. म्हणून ते उपहासाने नव्हे, तर एखाद्या दप्तरातील अस्सल कागद जपावा तितक्या आस्थेने नोंदवून ठेवणे, हे आपल्या नाट्य-चित्रपटांच्या इतिहासकारांचे कर्तव्यच आहे.