पोर्सेलीनचं घड्याळ

सर्व्हरवर कधी काय घडलं, हे आम्ही प्रोग्रामर लॉग फाइलमध्ये बघतो. पण त्या फाइलमध्ये लिहायची परवानगी कुणाकुणाला होती, हेही तपासावं लागतं. पोर्सेलीनचं वय काढण्याच्या पद्धतीबद्दल वाचताना मला हाच प्रश्न पडत राहिला.

2005 साली क्रिस्टीजच्या लंडनमधल्या लिलावात युआनकालीन निळा-पांढरा रांजण सुमारे 1 कोटी 57 लाख पौंडांना गेला. इतका पैसा असला की नकला आल्याच. त्या पकडण्याचं एक साधन म्हणजे थर्मोल्युमिनेसन्स. 1960च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये मार्टिन एटकन आणि सहकाऱ्यांनी ते घडवलं.

मातीतले युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम सतत किरणोत्सार करत असतात. त्यामुळे क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत इलेक्ट्रॉन सुटून अडकून पडतात. भट्टीत ते मोकळे होतात आणि घड्याळ शून्यावर येतं. पुढे शतकानुशतकं ते पुन्हा साठतात. नमुना तापवला की ते प्रकाश देत सुटतात. त्या प्रकाशावरून वय काढतात.

खरं तर इथे मोजली जाते ती किरणांची मात्रा. वर्षाला 5 मिलिग्रे धरले, तर 650 वर्षांचे सव्वातीन ग्रे होतात. अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या हापूसला किमान 400 ग्रे द्यावे लागतात! म्हणजे तसल्या कोबाल्ट-60च्या स्रोतापुढे ठेवलेली कालची बरणी बघता बघता युआनकालीन होते. उलट, अस्सल भांड्याचा सीटी स्कॅन केला तर त्याचं वय काही वर्षांनी फुगू शकतं. विमानतळावरच्या सामान तपासणीची मात्रा मात्र नगण्य असते.

मग लबाडी पकडायची कशी? निसर्ग सगळ्या कणांना सारखी मात्रा देत नाही. अल्फा कण मातीत मिलिमीटरच्या काही शतांशापलीकडे जात नाहीत, त्यामुळे बारीक कणांना त्यांचा मारा पुरेपूर बसतो, तर मोठ्या क्वार्ट्झच्या गाभ्यापर्यंत तो पोचत नाही. झिर्कॉनच्या कणांत स्वतःचंच युरेनियम असतं. त्यांची मात्रा कैक पटींनी जास्त भरते. यंत्रातले गॅमा किरण हा भेद करत नाहीत. झिर्कॉन आणि भोवतालची माती यांचा हिशोब जवळपास सारखाच आला, तर संशय घ्यायला जागा आहे.

म्हणूनच केवळ वयाचा आकडा असलेल्या अहवालावर मी विसंबणार नाही. आणि संग्रहालयांनी भांड्याचा एक्स-रे काढण्याआधीच चाचणीचा नमुना काढावा, निदान दिलेली मात्रा तरी नोंदवून ठेवावी. नाहीतर उद्या अस्सल भांड्याच्याही साक्षीत खोट निघेल.