पिष्टाच्या कड्या आणि चिवट रसायने

आंत्वान व्हिलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1891 मध्ये जिवाणूंनी विघटित केलेल्या पिष्टातून एक स्फटिकरूप पदार्थ मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात फ्रान्त्स शार्डिंगर याने त्याच्या प्रकारांचे नीट वर्णन केले. तो सहा, सात किंवा आठ ग्लुकोजची बंद कडी आहे, हे मात्र बऱ्याच उशिरा उलगडले. या कडीचा, म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिनचा, आकार तळ नसलेल्या पेल्यासारखा असतो. बाहेरची बाजू पाण्याशी जुळवून घेते. आतल्या पोकळीला पाण्यापेक्षा तेलकट रेणू मानवतात. म्हणूनच त्याला यजमान रेणू म्हणतात, आणि पोकळीत बसणाऱ्या रेणूला पाहुणा. पुढे अनेक दशके औषधे विरघळवणे आणि सुगंध टिकवणे हीच त्याची मुख्य कामे होती.

ज्या नव्या पाहुण्याला पकडण्यासाठी तो आता वापरला जातो, त्याचा जन्म वेगळ्याच वाटेने झाला. 1938 मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँटच्या रॉय प्लंकेट याला योगायोगाने टेफ्लॉन सापडले. ते बनवताना पुढे पीएफओए हे फ्लोरीनयुक्त रसायन वापरले जाऊ लागले; हाच तो पाहुणा. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध इतका मजबूत असतो की निसर्गात तो सहसा तुटत नाही. मानवी रक्तात सेंद्रिय फ्लोरीन असल्याचे संशोधक डोनाल्ड टेव्हस याने 1968 मध्येच दाखवले होते. तरी पीएफओएवर स्टॉकहोम कराराखाली जागतिक बंदी आली ती थेट 2019 मध्ये.

पीएफओएमधली फ्लोरीन जोडलेली कार्बनची साखळी साध्या हायड्रोकार्बनच्या साखळीपेक्षा जाड आणि ताठ असते. सात ग्लुकोजच्या बीटा कडीत ती घट्ट बसते. अडचण एवढीच, की कडी स्वतः पाण्यात विरघळते. मग पकडलेला रेणू बाहेर काढायचा कसा? रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिक्टेल यांच्या गटाने कड्या एकमेकींना जोडून न विरघळणारे सच्छिद्र बहुवारिक तयार केले (2016), आणि पुढच्याच वर्षी जोडणारा दुवा बदलून ते पीएफओएसाठी वापरले. गंमत अशी, की दोन्ही दुवे फ्लोरीनयुक्तच होते. शिवाय पहिल्या दुव्यावर ऋणभार येई आणि पीएफओएसारखी ऋणभारित प्रदूषके दूर ढकलली जात. 2019 मध्ये त्या पहिल्या बहुवारिकावर अमाइन गट आणून भार उलटवला गेला, तेव्हा ती धरली जाऊ लागली.

पकडणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. मिथेनॉलने धुतले की बहुवारिक पुन्हा वापरता येते, पण प्रदूषक त्या द्रावणात तसेच उरते. 2022 मध्ये याच गटाने पीएफओएसारखी, कार्बोक्झिलिक आम्ल प्रकारची फ्लोरीनयुक्त रसायने सोडियम हायड्रॉक्साइड आणि डीएमएसओ हे द्रावक यांच्यात सुमारे 120 अंश सेल्सिअसला मोडून दाखवली. सल्फोनिक आम्ल प्रकार मात्र त्या पद्धतीला दाद देत नाहीत.