पाखरांच्या दवाखान्याची दोन दारं

१६२३ सालाच्या सुरुवातीला पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा हौशी प्रवासी खंभातला पोहोचला. कापड, नीळ आणि अकीक यांच्या व्यापारावर गबर झालेलं ते गुजरातचं बंदर. पण त्याला बाजारापेक्षा भुरळ पडली ती एका खोलीची. खोली लहानशी, आणि आत पाखरंच पाखरं. कोंबड्या, कबुतरं, मोर, बदकं, चिमण्यांएवढे पक्षी. कुणी लंगडं, कुणी आजारी, कुणाचा जोडीदार हरवलेला. तो पाखरांचा दवाखाना होता.

तिथेच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा बसला होता. नाकावर चष्मा, पुढ्यात कापूस भरलेली पेटी आणि पेटीत उंदराची पोरकी पिल्लं. अजून काही खाता येत नव्हतं इतकी ती लहान, म्हणून म्हातारा पक्ष्याच्या पिसाने त्यांना दूध पाजत होता. मोठी झाली की सोडून देणार, असं त्याने पाहुण्याला सांगितलं. पाखरांनाही तोच नियम होता. बरं झालेलं पाखरू रानातलं असेल तर मोकळं करायचं, माणसाळलेलं असेल तर कुणा धर्मशील माणसाच्या घरी सांभाळायला द्यायचं. देल्ला व्हाल्लेने हे सगळं पत्रात लिहून घरी कळवलं. त्याच्या आधी चाळीस वर्षं राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्यानेही खंभातमध्ये लुळ्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी दवाखाने असल्याची नोंद केली होती.

युरोपीय वाचकाला यात गंमत वाटली, क्वचित थट्टाही. पण त्या खोलीने दोन प्रश्न सोडवून ठेवले होते. आत कुणाला घ्यायचं, आणि बाहेर कसं सोडायचं? जखमी रानपाखरांची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येक जागेला ही दोन दारं असतात. पुढच्या चारशे वर्षांत त्यांतलं कधी एक अडलं, कधी दुसरं.

खंभातची ती खोली एकट्यादुकट्याच्या कनवाळूपणावर चालत नव्हती. गुजरातच्या शहरांत जैन-वैष्णव वाण्यांची महाजनं होती. मालाच्या खरेदी-विक्रीवर हे व्यापारी आपणहून एक बारीक लागा बसवत आणि त्यातून पांजरपोळ चालवत. दया अशी हिशेबाच्या वहीत बांधलेली असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. तिचा गैरफायदा घेणारेही होतेच. पक्षी मारायचं नाटक करून वाण्यांकडून त्याच्या सुटकेचे पैसे उकळायचे, हा उद्योग काही युरोपीय तरुणांनी आरंभल्याचं प्रवासवर्णनांत येतं. पुण्य म्हणून पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची रीत तर पुढेही चालू राहिली. सोडणाऱ्याला समाधान मिळालं आणि पारध्याला हक्काचं गिऱ्हाईक.

मुंबईत ही परंपरा आली ती दंगलीच्या पाठोपाठ. १८३२ च्या जूनमध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडले, फोर्टात दगडफेक झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय यांनी जैन व्यापाऱ्यांच्या साथीने पांजरपोळ उभी केली. भुलेश्वरच्या गल्लीबोळांत ती आजही आहे. गायी, कबुतरं, पोपट, बदकं यांचा तिथे शेजार असतो आणि सकाळी गाईला चारा घालायला येणाऱ्यांची गर्दी.

पण पांजरपोळ म्हणजे आसरा. जनावराने तिथे यायचं आणि उरलेलं आयुष्य सुखात काढायचं. उपचार हा त्यातला एक भाग, तोही जमेल तसा. वैद्यकाचं अंग निराळ्या वाटेने वाढलं. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली. पुढच्या दशकात परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नीच्या नावाचं बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथला मुख्य रोगी अर्थातच घोडा आणि बैल. ट्रामा आणि बैलगाड्या ओढणारं शहर होतं ते. रानपाखराच्या मोडक्या पंखाचं शास्त्र त्या काळी अभ्यासक्रमात शोधूनही सापडलं नसतं.

फक्त पाखरांसाठी म्हणून सर्वांत नावाजलेला दवाखाना झाला तो दिल्लीत. लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी दिगंबर जैन लाल मंदिर आहे. त्याच्या आवारात १९५० च्या दशकापासून हा धर्मादाय दवाखाना चालतो. पायातली वहाण काढून आत शिरलं की धान्याचा आणि औषधाचा मिसळलेला वास येतो. मजल्यामजल्यांवर पिंजरे, पिंजऱ्यांत पारवे, पोपट, चिमण्या. पंख्याच्या पात्याने कापलेले, उन्हाने भोवळ येऊन पडलेले, मांज्यात अडकलेले. कुणी रिक्षावाला येतो, कुणी शाळकरी मुलगा, हातात बुटाचा खोका. पैसे कुणी विचारत नाही. बरा झालेला पक्षी गच्चीवर नेऊन सोडतात.

एक अट मात्र पहिल्यापासून आहे. इथे मुक्काम मिळतो तो शाकाहारी पाखरांना. घार, शिकरा, घुबड यांना दाखल करून घेत नाहीत. कारणं दोन. शेजारच्या पिंजऱ्यातली कबुतरं हे त्यांचं भक्ष्य, आणि त्यांना जगवायचं तर मंदिराच्या आवारात मांस आणावं लागेल. जैन आचाराच्या चौकटीत ही अडचण खरीच होती. पण तिच्यापायी दिल्लीच्या आकाशातला सर्वांत ठळक पक्षी दवाखान्याच्या बाहेर राहिला.

दिल्लीत घारी अफाट आहेत. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्यांचे थवेच्या थवे फिरतात. जुन्या दिल्लीतल्या मुस्लिम वस्त्यांत सदका म्हणून घारींना मांसाचे तुकडे उडवायची रीत आहे. तुकडा झेपावून नेला की घरावरचं संकट टळलं, अशी श्रद्धा. लाल मंदिराच्या परिसरात कबुतरांना दाणे टाकणारे आणि थोड्या अंतरावर घारींना मांस उडवणारे, असे दोन दयाधर्म एकाच शहरात शेजारी नांदत आले.

अशाच एका वस्तीतल्या दोन भावांना, नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद यांना, लहानपणी एक जखमी घार सापडली. ती पाखरांच्या दवाखान्यात नेली, तर मांसाहारी म्हणून घेतली गेली नाही. ती गोष्ट दोघांच्या डोक्यातून गेली नाही. पुढे दुसरी घार मिळाली तेव्हा त्यांनी स्वतःच हात घातला. पदवी नव्हती, होती ती व्यायामाची आवड. स्नायू आणि स्नायुबंध यांची पहिली ओळख त्यांना शरीरसौष्ठवाच्या मासिकांतून झाली होती. घरातल्या तळघरात साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा धंदा, त्याच तळघरात टेबलावर घारीचा पंख पसरून टाके. २०१० मध्ये त्यांनी ‘वाइल्डलाइफ रेस्क्यू’ ही संस्था रीतसर स्थापन केली. या दोघांवरचा शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही ठिकाणी पुरस्कार मिळवून आला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि वझिराबादचं हे तळघर जगाला माहीत झालं. तोवर त्यांच्या हाताखालून हजारो शिकारी पक्षी गेले होते.

त्यांतले बहुतेक मांज्याचे बळी. पंख पसरला की त्याच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्यामध्ये, कातड्याचा एक ताणलेला पडदा दिसतो. पाखरू उडतं ते त्याच्या जोरावर. त्याच्या कडेने एक स्नायुबंध जातो. काचेची पूड लावलेला किंवा नायलॉनचा मांजा नेमका तिथे अडकतो. पाखरू सुटायला धडपडतं तसा तो अधिक खोल जातो. कातडी शिवता येते. स्नायुबंध तुटला असेल तर पंख पुन्हा पुरता उघडत नाही.

महाराष्ट्रात याचा अनुभव संक्रांतीला येतो. येवल्याचा तीन दिवसांचा पतंगोत्सव प्रसिद्ध. गच्च्यांवर हलकड्या वाजतात, आसाऱ्या फिरतात आणि अख्खं गाव वर बघत असतं. पतंग खाली आला तरी तुटलेला मांजा झाडांवर, तारांवर महिनोन्‌महिने लोंबत राहतो आणि संध्याकाळी घरट्याकडे परतणारे बगळे, ढोकऱ्या, वटवाघळं त्यात गुंततात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैमध्ये नायलॉनच्या आणि धार लावलेल्या मांज्यावर देशभर बंदी घातली. त्याच वर्षापासून गुजरात सरकार उत्तरायणाच्या दिवसांत ‘करुणा अभियान’ राबवतं. बंदी कागदावर पक्की आहे. दर जानेवारीत छाप्यांमध्ये नायलॉनची रिळं सापडतात, याचा अर्थ दर जानेवारीत ती विकायलाही असतात.

आता दुसऱ्या दाराकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरू ही कुणाच्या दयेची खासगी बाब राहिली नाही. जखमी सापडलेलं वन्य पाखरू शासनाचं. ते घरी पाळणं गुन्हा. त्यामुळे पांजरपोळीसारखा आजन्म आसरा हे उत्तर मागे पडलं आणि पाखरू पुन्हा रानात जगू शकेल का, हा प्रश्न पुढे आला. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाने तात्पुरत्या मुक्कामाचं उपचार केंद्र उघडलं. पुण्यात बावधनलाही तसं केंद्र आहे. अशा केंद्रात पाहुण्यांना पिंजऱ्यांपुढून फिरवत नाहीत. पाखराला माणसाची सवय लागली की त्याचं नुकसान होतं. पिल्लू हातावर वाढलं तर माणसालाच आईबाप समजतं आणि सुटल्यावर अन्नासाठी गच्च्यांवर उतरतं. म्हणून खाणं पडद्याआडून द्यायचं, बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही. मग लांबलचक पिंजऱ्यात उडवून बघायचं. शिकारी पक्ष्यासाठी उघड्या पिंजऱ्याची युक्ती वापरतात: दार उघडं ठेवायचं, काही दिवस तिथेच खाणं मांडायचं, शिकार जमू लागली की पाखरू आपोआप यायचं बंद होतं. ही युक्ती बाज-ससाणे पाळणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांची.

आणि एक उलटं उदाहरण, ज्यात दयेनेच रोगी तयार केले. १९९० च्या दशकात देशातली गिधाडं झपाट्याने दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. हरियाणात पिंजोरला २००१ मध्ये आजारी गिधाडांसाठी केंद्र उघडलं, त्यात मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पुढे होती. गिधाडं मरण्याचं कारण २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं: डायक्लोफिनॅक. म्हाताऱ्या, लंगडणाऱ्या गुरांना वेदना होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं स्वस्त औषध. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशांना दोखमेनशिनीसाठी, म्हणजे मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याच्या अंत्यविधीसाठी, दुसरे उपाय शोधावे लागले ते यामुळेच. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पिंजोरच्या केंद्राचं काम दवाखान्याकडून पैदाशीकडे वळलं, आणि २०२४ च्या जानेवारीत तिथली वीस गिधाडं पेंच आणि ताडोबाच्या रानात आणून ठेवली गेली, आधी तिथल्याच मोठ्या पिंजऱ्यांत, सवय व्हावी म्हणून.

दिल्लीत लाल मंदिराच्या गच्चीवर आजही बरी झालेली कबुतरं सोडतात. हात उघडतो, कबूतर किल्ल्याच्या तटाकडे झेपावतं आणि थव्यात मिसळतं. त्याच्याही वर, खूप उंच, घारी गोल फिरत असतात. त्यांतल्या एखादीच्या पंखाला वझिराबादच्या तळघरात टाके पडलेले असू शकतात. तिची नजर खालच्या कबुतरांवर असते.