कॉलोराडो कुटुंबनियोजन उपक्रम

कॉलोराडो कुटुंबनियोजन उपक्रम हा अमेरिकेतील कॉलोराडो राज्यात किशोरवयीन मुली व अल्प उत्पन्न गटातील स्त्रियांमधील अनियोजित गर्भधारणा कमी करण्यासाठी राबवलेला सार्वजनिक आरोग्य कार्यक्रम आहे. तो इ.स. २००९ मध्ये सुरू झाला. आरंभी त्याचा खर्च सुसान थॉम्प्सन बफेट प्रतिष्ठानच्या देणगीतून भागवला गेला. या निधीमुळे शासकीय अनुदानित कुटुंबनियोजन केंद्रांत तांबी आणि दंडात त्वचेखाली बसवायची संप्रेरक-कांडी ही दीर्घकालीन गर्भनिरोधक साधने मोफत किंवा अल्प दरात मिळू लागली.

परिणाम

राज्याच्या आरोग्य विभागाच्या आकडेवारीनुसार २००९ ते २०१३ या काळात १५ ते १९ वयोगटातील जन्मदर सुमारे ४० टक्क्यांनी घटला. मात्र या काळात तो संपूर्ण अमेरिकेतच घटत होता. जेसन लिंडो व अ‍ॅनालिसा पॅकहॅम या अर्थतज्ज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार, अशी केंद्रे असलेल्या काउंट्यांमध्ये उपक्रमामुळे पाच वर्षांत झालेली घट सुमारे ६.४ टक्के होती.

रुग्णालयांचे अर्थकारण

अमेरिकेत किशोरवयीन मातांच्या बहुतांश प्रसूतींचा खर्च मेडिकेड ही शासकीय योजना उचलते. तिचे दर सामान्यतः खाजगी विम्यापेक्षा कमी असतात. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार, प्रसूतिवेदना सुरू झालेल्या स्त्रीला पैशांअभावी रुग्णालयातून परत पाठवता येत नाही. शिवाय किशोरवयीन मातांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण अधिक असल्याने नवजात अतिदक्षता विभागाची गरज वाढते.

अशा प्रसूती घटल्यास रुग्णालयांचा भरपाई न मिळणारा खर्च कमी होतो. परंतु प्रसूती व नवजात विभागांचे उत्पन्नही घटते, तर कर्मचारी व उपकरणांवरील स्थिर खर्च कायम राहतो. त्यामुळे बचतीचा मोठा वाटा रुग्णालयांऐवजी मेडिकेडच्या पदरात पडतो.

प्रसूतीनंतर रुग्णालयातच साधन बसवण्याबाबतही हीच अडचण होती. मेडिकेड प्रसूतीसाठी एकत्रित ठरावीक रक्कम देत असल्याने साधनाची किंमत रुग्णालयाला सोसावी लागे. ती स्वतंत्रपणे देण्यास साउथ कॅरोलायना राज्याने २०१२ मध्ये सुरुवात केली; पुढे इतर अनेक राज्यांनी ही पद्धत स्वीकारली.

शासकीय निधी

देणगीची मुदत संपत आल्यावर ५० लाख डॉलरच्या राज्य निधीसाठी मांडलेले विधेयक २०१५ मध्ये विधिमंडळात फेटाळले गेले. २०१६ च्या अर्थसंकल्पात मात्र उपक्रमासाठी शासकीय तरतूद करण्यात आली.