बंदी आणि मान्यता : जपानचा शंभर वर्षांचा अनुभव



वादग्रस्त धार्मिक पंथांवर सरकारनं बंदी घालावी का, निदान त्यांची मान्यता काढून घ्यावी का, असा आजचा विषय आहे. हा विषय निघाला की आपल्या मनात लगेच एखाद्या बाबाचं नाव येतं आणि त्या नावावरून उत्तर ठरतं. बाबा दुसऱ्यांचा असेल तर बंदी हवी, आपला असेल तर श्रद्धेचं स्वातंत्र्य हवं. म्हणून मी मुद्दाम दूरचं उदाहरण घेतलं आहे, जपानचं. या एका देशानं शंभर वर्षांत बंदी घालून पाहिली, पूर्ण मोकळीक देऊन पाहिली, आणि दोन्हींचे चटके खाऊन तिसरी वाट शोधली.

सुरुवात १८८९ च्या मेजी राज्यघटनेपासून करू. तिच्या अठ्ठाविसाव्या कलमात धर्मश्रद्धेचं स्वातंत्र्य होतं, पण अटीसह: शांतता आणि सुव्यवस्थेला बाधा येऊ नये आणि प्रजाजन म्हणून असलेल्या कर्तव्यांशी विरोध होऊ नये. आता बघा, प्रजेचं कर्तव्य काय हे ठरवणार कोण? सरकारच. म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातात दोरी ठेवली.

ती दोरी कशी आवळली जाते हे ओमोतो पंथाच्या बाबतीत दिसलं. क्योतोजवळच्या आयाबे गावात १८९२ मध्ये देगुची नाओ या गरीब विधवेच्या अंगात येऊ लागलं, त्यातून हा पंथ निघाला. तिचा जावई ओनिसाबुरो यानं तो देशभर पसरवला. जग नव्यानं घडणार आहे, असं ते सांगत. सम्राटाच्या दैवी सत्तेला हे आव्हान आहे, असं सरकारला वाटलं. १९२१ मध्ये पहिली कारवाई झाली आणि डिसेंबर १९३५ मध्ये दुसरी. राजद्रोहाचे आरोप ठेवून पुढाऱ्यांना पकडलं आणि पंथाची मंदिरं सुरुंग लावून उडवली. ओनिसाबुरो सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. पुढे १९४२ मध्ये अपील न्यायालयानं मुख्य आरोपातून त्यांना मुक्त केलं. तोवर मंदिरांचे दगडसुद्धा जागेवर नव्हते. १९४३ मध्ये, आज सोका गाक्काई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचे संस्थापक माकिगुची यांना अटक झाली. इसेच्या राष्ट्रीय देवस्थानाचा ताईत घ्यायला त्यांनी नकार दिला होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते तुरुंगातच वारले.

गंमत अशी, की हे दोन्ही पंथ आजही आहेत. सोका गाक्काई तर युद्धानंतर जपानमधल्या सर्वांत मोठ्या धार्मिक संघटनांपैकी एक झाली. बंदीनं पंथ मरत नाही, त्याला हुतात्मे मिळतात.

युद्धात हार झाल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. नव्या घटनेनं धर्मस्वातंत्र्य बिनशर्त केलं. १९५१ मध्ये धार्मिक संस्थांचा कायदा आला. या कायद्याखाली मान्यता मिळाली की संस्था स्वतःच्या नावानं मालमत्ता ठेवू शकते आणि तिला करात मोठी सवलत मिळते. आपल्याकडचा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास डोळ्यांसमोर आणा, म्हणजे साधारण कल्पना येईल. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल. मान्यता नसली तरी पूजा करता येते, प्रवचन करता येतं, एकत्र जमता येतं. मान्यता ही एक सोय आहे. श्रद्धा बाळगण्याचा हक्क तिच्यावर अवलंबून नाही.

ऑगस्ट १९८९ मध्ये तोक्यो महानगर सरकारनं ओम शिनरिक्यो या पंथाला ही मान्यता दिली. नावातला ‘ओम’ हा आपलाच ओंकार. संस्थापक शोको आसाहारा हा मूळचा योगशिक्षक. हिमालयात जाऊन आलेला. घर सोडून गेलेल्या मुलांचे आईबाप तेव्हाच तक्रारी करत होते. अधिकाऱ्यांनी आधी अर्ज अडवलाही होता, पण पंथानं निदर्शनं केली, कोर्टकचेरीचा धाक घातला आणि मान्यता मिळवली. या आईबापांची बाजू साकामोतो नावाचे एक तरुण वकील मांडत होते. मान्यतेनंतर जेमतेम अडीच महिन्यांनी ते, त्यांची पत्नी आणि वर्षाचं बाळ घरातून नाहीसे झाले. घरात पंथाचा बिल्ला सापडला. तरीही तपास पुढे सरकला नाही. मृतदेह मिळाले ते १९९५ मध्ये.

जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात रात्री सारिन वायू सोडला गेला. पंथाच्या जमिनीच्या खटल्यातले न्यायाधीश जिथे राहत, त्याच वस्तीत. पोलिसांनी संशय कोणावर घ्यावा? तिथल्याच एका रहिवाशावर, ज्याची स्वतःची बायको त्या वायूनं बेशुद्ध पडली होती, ती पुन्हा कधी उठलीच नाही. आणि मग २० मार्च १९९५ रोजी सकाळी गर्दीच्या वेळी तोक्योच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सारिन सोडला गेला. १३ माणसं गेली, हजारो जखमी झाली. पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळलेली एक बाई २०२० मध्ये गेली, ती चौदावी.

साहजिकच लोक म्हणाले, ‘बघा, आधीच बंदी घातली असती तर!’ या मुद्द्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण माझ्या मते आपण नेमके इथेच चुकतो. खून हा गुन्हा होताच. माणसं डांबून ठेवणं हा गुन्हा होताच. त्यासाठी बंदीचा नवा कायदा लागत नव्हता. १९३५ च्या आठवणीनं पोलीस धार्मिक संस्थेला हात लावायला कचरत होते. जुन्या दडपशाहीची किंमत अशी पन्नासहून अधिक वर्षांनी साकामोतो कुटुंबानं मोजली.

जॉन लॉकनं १६८९ मध्ये सहिष्णुतेवरच्या पत्रात वासराचं उदाहरण दिलं आहे. घरी वासरू मारणं कायद्यानं चालत असेल तर ते देवापुढे मारायलाही हरकत घेता येणार नाही. उलट मूल मारणं घरात गुन्हा असेल तर देवळातही तो गुन्हाच. म्हणजे धर्म म्हणून वेगळी शिक्षा नको आणि धर्म म्हणून वेगळी सूटही नको. आपण पहिलं अर्धं वाक्य आवडीनं म्हणतो. दुसरं विसरतो. युद्धोत्तर जपानही तेच विसरला.

१९९५ नंतर जपाननं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबरमध्ये जिल्हा न्यायालयानं पंथाची कायदेशीर संस्था विसर्जित केली आणि जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. संस्था गेली तरी अनुयायांच्या उपासनेला कायद्यानं मनाई होत नाही, हा त्यामागचा आधार होता. सरकारला याहून पुढे जायचं होतं. १९५२ च्या विध्वंसक कारवायांविरुद्धच्या कायद्याखाली संघटनाच मोडून काढावी, असा अर्ज झाला. जानेवारी १९९७ मध्ये संबंधित आयोगानं तो फेटाळला. भविष्यात पुन्हा तसं घडण्याचा पुरेसा स्पष्ट धोका दिसत नाही, असं म्हणून. विचार करा, दोन वर्षांपूर्वी राजधानीत विषारी वायू सोडला गेला होता आणि तरी हा निर्णय झाला. गुन्हेगारांवर खटले चालले; आसाहाराला २०१८ मध्ये फाशी झाली. उरलेल्या गटांवर १९९९ च्या कायद्यानुसार देखरेख आहे.

हे सगळं निर्मळ झालं असं मात्र समजू नका. अनेक गावांनी पंथाच्या माणसांची रहिवासी नोंद करायला नकार दिला. संस्थापकाच्या मुलांना शाळांनी दारं बंद केली. कायद्यानं घातली नाही ती बंदी समाजानं घातली. रहिवासी नोंदीचं प्रकरण शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नकार बेकायदा ठरला.

आता अलीकडचं प्रकरण अधिक अवघड आहे. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिन्झो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याचं म्हणणं, आईनं युनिफिकेशन चर्चला दिलेल्या देणग्यांमुळे आमचं घर धुळीला मिळालं. मार्च २०२५ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयानं या संस्थेच्याही विसर्जनाचा आदेश दिला. इथे सारिन नाही, खून नाही. पूर्वजांच्या पापाची भीती घालून घेतलेला पैसा आणि उद्ध्वस्त घरं आहेत. असं दिवाणी स्वरूपाचं नुकसान एवढ्या मोठ्या निर्णयाला पुरेसं आहे का? माझं उत्तर ‘होय’ आहे, पण ते जपून दिलेलं ‘होय’ आहे. नुकसान पद्धतशीर आणि वर्षानुवर्षांचं असलं पाहिजे, ते कोर्टात पुराव्यानं सिद्ध झालं पाहिजे, आणि जाणारी गोष्ट करसवलत असली पाहिजे, प्रार्थना नव्हे. यातली एक अट सुटली तर आपण पुन्हा १९३५ च्या वाटेला लागू.

आपल्याकडे याच्याशी जुळणारा एक दाखला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. वारी बंद पडेल, कीर्तनं बंद पडतील, अशी ओरड कितीतरी वर्षं चालली होती. प्रत्यक्षात या कायद्यात एकाही पंथाचं नाव नाही. नरबळी, भूत उतरवण्यासाठी मारहाण, अशा कृत्यांची यादी आहे, आणि यात्रा, भजन, कीर्तन यांना कायदा लागू नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. लॉकला हे पसंत पडलं असतं.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. पंथ काय मानतो, हे सरकारनं तपासू नये. पंथ काय करतो, हे मात्र जरूर तपासावं, आणि वेळेवर. मान्यता काढणं हा शेवटचा दिवाणी उपाय, तोही न्यायालयाच्या हातून. तक्रार घेऊन आलेल्या आईला चौकीवरचा शिपाई ‘हा धर्माचा मामला आहे, आम्ही त्यात पडत नाही’ असं सांगून परत पाठवतो, तिथे हा सगळा विचार वाया जातो. साकामोतोंच्या अशिलांचीही सुरुवातीची तक्रार एवढीच होती, की आमची मुलं आम्हाला भेटू द्या.